रविवारच्या आत मूठ

गोदाछाया सोसायटीच्या माहितीपत्रकात बिल्डरने ‘क्लबहाउस, बगीचा व पूल’ असं छापलं होतं. त्या तिसऱ्या शब्दावर भाळून पाथर्डी फाट्यावरच्या अठ्ठेचाळीस कुटुंबांनी फ्लॅट घेतले आणि काहींनी तर पोरांना पोहायचे पोशाखही घेऊन ठेवले. ताब्याच्या दिवशी क्लबहाउसचं दार उघडलं, तर आत हिरव्या कापडाचं, सहा भोकांचं एक टेबल उभं. बिल्डर शांतपणे म्हणाला, “पूल लिहिला होता, पूल दिलाय.” त्याच्याशी भांडायला गेलेल्या शिष्टमंडळात पोहता येणारं कोणीच नव्हतं, त्यामुळे भांडणाला म्हणावा तसा जोर आला नाही.

पुढे ज्याने त्याने त्या टेबलाचा आपापल्या परीने उपयोग केला. उन्हाळ्यात त्यावर कुरडया वाळल्या. गणपतीत प्रसादाचे द्रोण मांडले गेले. पहिल्या मजल्यावरच्या वत्सलाबाईंनी एक अख्खी गोधडी त्यावर पसरून पुरी केली. टेबलावर खेळायला मात्र एकच माणूस शिकला, तो म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे बाळाजी गायधनी.

बाळाजींचं घराणं पंचवटीतलं, यात्रेकरूंची पूजा सांगणारं. बाळाजींनी मात्र अंबडच्या कारखान्यात तपासनिसाची नोकरी धरली आणि दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग केसभर फरकासाठी नापास करण्यात सव्वीस वर्षं काढली. असा माणूस संध्याकाळी डबा घेऊन घरी येतो, पण तपासणी काही कारखान्यात ठेवून येत नाही. घरी ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं मराठी तपासत. ‘उद्या वॉटर येणार नाही’ असा निरोप पडला की पाच मिनिटांत खाली यायचं, ‘पाणी. — बा. गायधनी.’ लोकांना पाणी न येण्यापेक्षा या दुरुस्तीचा ताप जास्त होई. पण बाळाजींचं म्हणणं एकच होतं, आपल्या भाषेत शब्द असताना दुसरीकडून उसना कशाला आणायचा? पुढे जे रामायण घडलं ते या एका तत्त्वामुळे. म्हणून ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

गेल्या वाढदिवसाला त्यांच्या मुलीने, पुण्यात नोकरी करणाऱ्या ओवीने, त्यांना एक क्यू पाठवला. क्यू म्हणजे ज्या काठीने पूलचा चेंडू ढकलतात ती काठी. दोन तुकड्यांची, मध्ये आटे असलेली, काळ्या पेटीत मखमलीवर निजलेली. हातात धरायचा भाग इतका गुळगुळीत की त्यात बघून भांग पाडावा. बाळाजींनी आयुष्यात पहिल्यांदाच एखादी वस्तू न तपासता पास केली.

आणि तिथेच चुकलं. बाळाजींच्या तळहातांना घाम सुटतो. थोडाथोडका नाही. सही करताना मनगटाखाली रुमाल ठेवावा लागतो. लग्नात भटजींनी त्यांचा हात उत्तराबाईंच्या हातात दिला, तेव्हा पाणिग्रहण या शब्दात पाणी का आहे ते आपल्याला तिथल्या तिथे समजलं, असं उत्तराबाई अजून चारचौघांत सांगतात. अशा हातात तो आरशासारखा क्यू आला आणि पहिल्याच फटक्याला सटकला. चेंडू जागेवर राहिला. क्यू पुढे गेला आणि समोरच्या नोटीस बोर्डाची काच घेऊन खाली आला. समितीने ‘काच वाऱ्याने फुटली’ अशी नोंद केली. खरं काय ते बाळाजींना ठाऊक होतं आणि वाऱ्याला.

तेव्हापासून बाळाजी क्लबहाउसच्या जुन्या, खरबरीत काठीने खेळत आणि खेळून झालं की नवा क्यू हातात धरून फोटो काढून ओवीला पाठवत. ‘झकास चाललंय गं.’ असे सहा महिने गेले.

सोमवारी ओवीचा फोन आला. “बाबा, रविवारी येतेय. एकच दिवस आहे. आपण दोघं खेळायचं हं, माझ्याच क्यूने!”

“अगं, त्याच्याशिवाय दुसऱ्या कशाने खेळतो का मी?” बाळाजी म्हणाले आणि फोन हातातून सटकून सोफ्यावर पडला.

“पोरीला खरं सांगून टाका,” उत्तराबाई म्हणाल्या. “हात घामेजतात, क्यू निसटतो. त्यात लाज कसली?”

“लाज नाही. पण तिने एवढ्या हौसेने निवडलाय, आणि तो सहा महिने पेटीत पडून होता म्हणून कसं सांगू?”

यावर उत्तराबाईंनी पावडरचा डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला. पावडर आणि घाम मिळून दोन मिनिटांत बाळाजींच्या तळहातावर थालीपीठ थापता येईल असं पीठ तयार झालं.

मंगळवारी त्यांनी मेनरोडवरून बॅडमिंटनच्या रॅकेटला गुंडाळतात ती पट्टी आणली. पट्टी चिकट होती. फारच चिकट. हात क्यूला चिकटला तो सुटेना, आणि सोडवताना जो आवाज झाला त्याने शेजारचं बाळ जागं झालं. बुधवारी क्रिकेटच्या बॅटीची रबरी खोळ चढवली. ती चढवायलाच दोन माणसं लागली. एकाने ओढायची, दुसऱ्याने उत्तराबाईंसारखं हसायचं. चढल्यावर ती घामाने आतून गोल फिरू लागली. आता क्यू नुसता सटकत नव्हता, सटकताना गिरकीही घेत होता.

गुरुवारी सकाळी बाळाजींनी शेवटचा उपाय केला. सोसायटीत एवढी माणसं आहेत, कोणाच्या ओळखीत कोणीतरी कारागीर असेलच. ग्रुपवर विचारायचं ठरलं. आता ‘क्यूची ग्रिप’ असं लिहिणं आलं. ग्रिपला आपल्याकडे रोकडा शब्द आहे. तलवारीला असते, छत्रीला असते, ती मूठ. क्यूला शब्द सापडेना. अर्धा तास शोधून शेवटी त्यांनी तो गाळूनच टाकला. एका परक्या शब्दावाचून अर्थाचं काय अडतंय? निरोप असा गेला:

‘मूठ बांधून देणारा जाणकार माणूस कोणास माहीत असल्यास कृपया कळवावे. काम रविवारच्या आत होणे निकडीचे आहे. — बा. गायधनी.’

ग्रुपवर शुभ सकाळची फुलं पडत होती ती एकदम थांबली. मूठ मारणं म्हणजे काय हे मराठी माणसाला शाळेत शिकवावं लागत नाही. मंत्र टाकून वैऱ्याला आडवा करायचा, ती मूठ. त्यात निरोप धाडणारा पंचवटीच्या पूजा सांगणाऱ्या घराण्यातला. आणि त्यात आणखी एक गोष्ट अशी, की सोसायटीचे चेअरमन शेखर बोरस्ते यांनी मागच्याच सभेत टेबल हलवून तिथे गणपतीच्या सजावटीचं सामान ठेवायची सूचना मांडली होती आणि बाळाजी उभे राहून भर सभेत म्हणाले होते, “टेबल हलवून तर बघा, शेखरराव!”

गुरुवारी दुपारी शेखररावांच्या कमरेत उसण भरली.

बाळाजींना यातलं काही माहीत नव्हतं. ग्रुपवर कोणीच उत्तर देत नाही म्हणून ते दुखावले होते एवढंच. दुपारी ते कारखान्याच्या टूलरूममधल्या रहेमानकडे गेले. रहेमान येवल्याचा, पैठणी विणणाऱ्या घरातला. हातमाग भावाने चालवला आणि हा लेथवर आला. बाळाजींनी त्याचे भाग जितक्या वेळा नापास केले होते तितक्या वेळा दुसऱ्या कोणाचे केले नसतील.

“रहेमानभाई, थोडं रेशीम मिळेल का? क्यूला गुंडाळायचंय.”

रहेमान मशीन बंद करून हसला. “साहेब, रेशीम? अहो, रेशीम अंगावर ऱ्हावं म्हणून तर बायका एवढ्या पिना लावतात! हात दाखवा तुमचा.” त्याने बाळाजींचा तळहात धरला, उलटा केला, दोन बोटांनी दाबला आणि गंभीर झाला. “लय पाणी आहे. आता ऐका, घामाशी भांडायचं नाय. त्याला पाजायचं कुणाला ते बघायचं. शनिवारी सुट्टी आहे, मी येवल्याला जाऊन सामान घेऊन येतो. काठी तयार ठेवा.”

सव्वीस वर्षांत कोणी त्यांच्या तळहाताकडे इतक्या आस्थेने पाहिलं नव्हतं. बाळाजींना त्याचे नापास केलेले भाग एकेक करून आठवू लागले.

शुक्रवारी सकाळी लिफ्टमध्ये वत्सलाबाई भेटल्या. वय अठ्ठ्याहत्तर, हातात पॉलिशची काठी, कानाने पक्क्या. त्यांनी दार बंद होईपर्यंत वाट पाहिली.

“बाळाजी, अरे, तुझ्या आजोबांनी असलं कधी केलं नाही हो.”

“त्यांच्या वेळी हे आपल्याकडे कुठे होतं, काकू? मी आपला आपणच शिकलो.”

“आपणच? कुणाला गुरू न करता?”

“मोबाइलवर बघून.”

वत्सलाबाईंनी भिंतीचा आधार घेतला. “आणि उत्तराला चालतं हे घरात?”

“घरात नाहीच. ती म्हणते, जे काय करायचं ते खाली क्लबहाउसमध्ये करा.”

“अरे पण कुणाविरुद्ध?”

“रविवारी ओवीविरुद्ध,” बाळाजी उत्साहाने म्हणाले. “हात बसला की मग शेखररावांना घेईन म्हणतो.”

“पोटच्या पोरीविरुद्ध!” वत्सलाबाईंची काठी हातातून निसटली आणि लिफ्टच्या दारावर आपटली. बाळाजींनी ती वाकून उचलून दिली. काठीचं डोकंही क्यूसारखंच गुळगुळीत आहे, हे तपासनिसाच्या नजरेला तेवढ्यातही दिसलं. वत्सलाबाईंच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मात्र दिसलं नाही. ते त्यांच्या खात्यात येत नव्हतं.

शनिवारी दहा वाजता पोलीस चौकीतून बोलावणं आलं. ‘येताना ती वस्तू घेऊन यावी’ असा निरोप होता. बाळाजी इस्त्रीचा सदरा घालून, क्यूची काळी पेटी काखेत मारून चौकीत पोचले. तिथे कमरेला पट्टा बांधलेले शेखरराव बाकावर बसले होते. त्यांच्या शेजारी वत्सलाबाई होत्या, साक्षीदार म्हणून. टेबलामागे मनीषाताई नावाच्या हवालदार अर्ज वाचत होत्या.

“तुम्ही गैरअर्जदार का?”

‘गैर’ हा उपसर्ग आपल्या नावामागे लागलेला बाळाजींनी प्रथमच ऐकला. ते म्हणाले, “मी बाळाजी गायधनी. गुणवत्ता निरीक्षक.”

“बसा, गैरअर्जदार. यांचं म्हणणं असं, की तुम्ही यांच्यावर मूठ मारणार. जादूटोण्याचा कायदा माहितीये ना? तुमचा हा मेसेज. वाचा मोठ्यानं.”

बाळाजींनी वाचला. आपलं लिखाण परक्या आवारात, परक्या भिंतींना ऐकू जाईल असं वाचल्यावर माणसाला कळतं की त्यात काय राहिलंय. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. आजवर त्यांना तेवढंच पुरत होतं.

“अहो, ही क्यूची मूठ!” ते ओरडले. “या काठीची! ग्रिप, ग्रिप!”

“मग ग्रिप लिहायचं की, गायधनीसाहेब!” शेखरराव कळवळून म्हणाले. “दोन दिवस कूस बदलता येत नाहीये मला.”

मनीषाताईंनी पेटी उघडली. काळी मखमल, त्यात दोन तुकडे केलेली काठी. हे दृश्य बाळाजींच्या बाजूने काही बोललं नाही. “कोण बांधणार ही ग्रिप? त्याचं नाव सांगा, आत्ता फोन लावा. स्पीकरवर.”

बाळाजींना हायसं वाटलं. रहेमान दोन वाक्यांत सगळं सांगेल. त्यांनी फोन लावला. “रहेमानभाई, ते मुठीचं...”

“निघालो साहेब, पोचतोच आहे!” पलीकडून रहेमान एसटीच्या आवाजावर ओरडला. “काही काळजी करू नका, आजच्या आज बांधून मोकळं करतो. काळा दोरा घेतलाय. राळ घेतलीय. तुम्ही फक्त दोन लिंबं आणून ठेवा! आणि धरायला एक माणूस लागंल, त्याला आधी काही सांगू नका, उगीच घाबरतो.”

शेखररावांनी दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरला. वत्सलाबाई रामरक्षा म्हणू लागल्या. मनीषाताईंनी सावकाश पेनाचं टोपण काढलं. “त्यांना म्हणावं, इकडंच या.”

पाऊण तासाने रहेमान आला. खांद्यावरच्या पिशवीतून त्याने आधी एक डबी काढली, मग मधोमध दांडा असलेली, दोऱ्याने गच्च भरलेली एक मोठी रिळासारखी वस्तू. ती पाहताच मनीषाताईंचा पोलिसी चेहरा एका क्षणात सुटला.

“अय्या, आसारी!”

“ताई येवल्याकडच्या?”

“अंदरसूलची मी! संक्रांतीला भावाची आसारी मीच धरायची गच्चीवर. पोरं पतंग उडवायची अन् मी ढील द्यायची.”

“मग तुम्हाला काय सांगायचं,” रहेमान म्हणाला. “हा साधा सुती दोरा. मांजा नाय लावलेला, काचबीच काही नाय. घरीच काळा रंगवलाय, मळ दिसू नये म्हणून. सूत घाम पितं ताई. रेशीम पीत नाय, रबर पीत नाय. लिंबानं काठीचं तेल काढायचं, राळेचा हात द्यायचा म्हणजे दोरा धरून ऱ्हातो.” मग बाकावरच्या मंडळींकडे पाहत तो थबकला. “पण... इथं का बोलावलंत?”

सगळं ऐकून झाल्यावर रहेमान जो हसू लागला तो थांबेना. त्याला पाणी द्यावं लागलं. वत्सलाबाई हसल्या, मनीषाताई हसल्या, आणि शेखरराव हसताना कमरेतून कळ आल्यामुळे हसत-ओरडत राहिले. बाळाजी एकटेच हसत नव्हते. स्वाभिमान दुखावलेला माणूस पहिल्या मिनिटाला हसत नाही. त्याला थोडा वेळ लागतो.

“आता आलोच आहे तर इथंच बांधू,” रहेमान म्हणाला. “लिंबं?”

मनीषाताईंनी शेजारच्या रसवंतीतून दोन लिंबं मागवली. अडचण पुढेच होती. रहेमान दोरा ताणून धरणार, तेव्हा समोरून कोणीतरी काठी एकसारखी, न थांबता फिरवत राहायला हवी. बाळाजी पुढे सरसावले. रहेमानने त्यांचा हात बाजूला केला. “तुम्ही नाय साहेब. हात ओला लागला की दोरा आत्ताच फुगंल. कोरड्या हाताचं माणूस पायजे.”

सगळ्यांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. मनीषाताई अर्जाला बांधलेल्या. वत्सलाबाईंचे हात थरथरणारे. राहिले शेखरराव. ते घसा साफ करत उठले, कमरेवर हात ठेवत खुर्ची ओढून बसले, आणि ज्या मुठीसाठी दोन दिवस झोपले नव्हते तीच बांधून घ्यायला काठी फिरवू लागले.

अर्धा तास चाललं. रहेमानने दोऱ्याचा एक फास काठीवर आडवा ठेवला, त्यावरून वेढ्याला वेढा लावत गेला. दोन वेढ्यांत नख शिरू नये इतका जवळ. शेवटचं टोक त्या फासात ओवून त्याने दुसरीकडून ओढलं, तसं ते वेढ्यांच्या पोटात शिरून दिसेनासं झालं. गाठ कुठेच नव्हती. बाळाजींनी चष्मा पुसून आडवं-उभं पाहिलं, सवयीने दोष शोधला. सापडला नाही.

“पास?” रहेमानने विचारलं. त्याच्या आवाजात इतक्या वर्षांचा हिशेब होता.

“पास,” बाळाजी म्हणाले. मग त्यांना हसू फुटलं, सगळ्यांच्या मागून, पण सगळ्यांत मोठं. “शेखरराव, तुमची कंबर...”

“आता बरी वाटतेय,” शेखरराव म्हणाले. “फिरवून फिरवून मोकळी झाली बहुतेक.”

मनीषाताईंनी अर्ज निकाली काढला. ‘गैरअर्जदाराने काठीस मूठ बांधून घेतली. काठी अर्जदाराने स्वतः धरली. कोणाची कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ बाळाजींनी ते वाचलं आणि त्यात एक अक्षरही दुरुस्त केलं नाही.

रविवारी ओवी आली. हातपाय धुतले, बटाटेवडा तोंडात धरला आणि बाबाला घेऊन क्लबहाउसमध्ये उतरली. दाराशी शेखरराव होते, आपण फिरवलेली काठी कशी चालते ते बघायला. बाळाजी वाकले. तळहाताला घाम फुटला, नेहमीसारखाच, आणि दोऱ्याने तो पिऊन टाकला. क्यू सरळ गेला. या क्यूने चेंडू भोकात पडल्याचा आवाज इतका गोड असतो हे बाळाजींना सहा महिन्यांनी कळलं.

ओवीने क्यू हातात घेतला आणि काळ्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला. “हे नंतर बांधलंस ना, बाबा?”

बाळाजी खिशात रुमाल शोधू लागले.

“तू फोटो पाठवायचास. क्यूच्या टोकाला खडू एकदाही लागलेला नसायचा. खेळतो त्याचं टोक निळं होतं.” ती टेबलाकडे बघत म्हणाली. “मला वाटलं, तुला आवडलाच नाही. म्हणून तर आले बघायला.”

“अगं, आवडला नाही कसा? हात...” बाळाजींनी दोन्ही तळवे पुढे केले. ते चमकत होते.

ओवीने क्यू खाली ठेवला आणि आपले तळवे त्यांच्याशेजारी धरले. तेही तसेच, ओले लख्ख.

“मग हा इतका गुळगुळीत कसा निवडलास?” बाळाजींनी चकित होऊन विचारलं.

“तुझ्यासारखा हात दुकानात एकच होता ना, माझा. धरून बघितला, मस्त बसला. पण बाबा, दुकानात एसी होता!”

शेखरराव जेवढ्या मोठ्याने हसले त्यावरून त्यांची कंबर पूर्ण बरी झाली आहे हे सिद्ध झालं. टेबल हलवायचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही. बापलेक दुपारपर्यंत खेळले, एकाच क्यूने, आळीपाळीने. दोरा दोघांचा घाम प्यायला.

संध्याकाळी ओवीची गाडी सुटल्यावर बाळाजींनी ग्रुपवर लिहायला घेतलं. आभार कोणाकोणाचे मानायचे? रहेमानचे, शेखररावांचे, मनीषाताईंचे, पावडरचा डबा देणाऱ्या उत्तराबाईंचे. आणि नीट पाहिलं तर सगळ्यांत आधी अफवा उठवणाऱ्यांचे, कारण ती उठली नसती तर काठी फिरवायला कोरड्या हातांचा माणूस त्या दिवशी कुठून मिळाला असता? एवढी नावं लिहून ते एका शब्दापाशी अडले. मूठ लिहावं की ग्रिप?

तेवढ्यात बेल वाजली. दारात वत्सलाबाई उभ्या होत्या. त्यांनी आपली पॉलिशची काठी पुढे केली, आणि दुसऱ्या हाताची मूठ उघडली.

“बाळाजी, माझ्याही काठीला बांधून दे रे,” त्या म्हणाल्या. “लिंबं मी आणलीत.”